एक्केचाळीस आणि वर तीन सुट्टे

एक विचारू? दिवस मावळताना तुमच्या डोक्यावरनं जी पाखरं जातात, ती झोपतात कुठं? ‘झाडावर’, असंच आलं ना मनात? येऊ द्या. लातूरच्या एका सभागृहात शिकलेसवरलेले बारा-पंधरा जण हेच म्हणाले होते, आणि त्यांच्यासमोर हातात गिरणीचा नवा पट्टा घेतलेली एक बाई नकारार्थी मान हलवत उभी होती. तिला ते पटलं नव्हतं. आणि पटलं नाही की ती गप्प बसत नाही. हा तिचा गुण. गावाला विचाराल तर रोग.

तिचं नाव सिंधु. रेणापूरपासून आठ-नऊ किलोमीटरवर खोलेवाडी आहे, तिथं पाराच्या मागं तिची पिठाची गिरणी. नवरा रामलिंग शेत बघतो, ती गिरणी बघते. वय बावन्न, शाळा सातवीपर्यंत. पण प्रश्न विचारायला सातवीसुद्धा लागत नाही, हे तिनं आयुष्यभर सिद्ध केलं. दळण घेऊन आलेल्या बाईला ती विचारणार, ‘ही ज्वारी कुण्या रानातली? दाणा एका अंगानं काळा का?’ मोटार गुणगुणायला लागली की स्टार्टर उघडून आत डोकावणार. रामलिंगनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी हात टेकले होते. ‘तुला उत्तरं देत बसलो,’ तो म्हणाला, ‘तर माझी पेरणी व्हायची न्हाई.’

तर त्या दिवशी ती पट्टा आणायला लातूरला गेलेली. रस्त्यात पाटी दिसली, ‘पक्ष्यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन, प्रवेश मोफत’. एस.टी.ला तास होता. गेली आत. माळपक्षी मंडळ नावाच्या हौशी लोकांनी ते भरवलं होतं. लातूर-नांदेडच्या गवताळ माळांवरची पाखरं मोजायची, त्यांच्या जागा राखायच्या, असं त्यांचं काम. बिनपगारी. एका फोटोपुढं ती थबकली. राखी रंग, लांब पंख, पंखांची टोकं शाई सांडल्यासारखी काळी. खाली नाव होतं, भोवत्या. घार-गरुडाच्या भावकीतलं शिकारी पाखरू. गवतावरनं हातभर उंचीनं भोवंडत जातं, म्हणून भोवत्या. उत्तरेकडच्या थंड मुलखातनं हजारो कोस उडून हिवाळ्यापुरतं आपल्याकडं येतं.

‘‘हे आमच्याकडं येतंय,’’ सिंधु म्हणाली. ‘‘दिवाळी झाली की येतंय. दिवसभर हरभऱ्यावरनं फिरतंय. झोपतंय कुठं?’’

‘‘झाडावर,’’ एकजण म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

‘‘कोणत्या?’’

‘‘कोणत्याही मोठ्या झाडावर, मावशी.’’

‘‘मी गिरणीच्या माडीवरनं रोज बघते. पिंपळ हाय, चिंच हाय, लिंबाची चार हायेत. एकावर बी बसत न्हाई. सरळ पुढं जातंय.’’

मंडळाचे अध्यक्ष वसंतराव, निवृत्त विज्ञान शिक्षक, गडबडीत होते. ते म्हणाले, ‘‘ताई, मग तुम्हीच शोधून काढा आणि आम्हाला कळवा.’’ आणि पुढच्या पाहुण्याकडं वळले. शहरात हे वाक्य माणसाला वाटेला लावायला वापरतात. खोलेवाडीत ते काम सांगायला वापरतात. सिंधुनं काम घेतलं. टेबलाशी मिहिर नावाचा तिशीतला प्राध्यापक मंडळाच्या नोंदी सांभाळत बसला होता, त्याच्या वहीत नाव घातलं, नंबर घातला, आणि एस.टी. पकडली.

आता पाखराच्या मागं पळून पाखरू सापडत नसतं. ते आभाळातनं जातं, आपण ढेकळातनं. सिंधुनं युक्ती काढली. पहिल्या संध्याकाळी ती गिरणीच्या माडीवर उभी राहिली आणि भोवत्या जिथं नजरेआड झाला ती जागा ध्यानात ठेवली. पारूबाईच्या विहिरीजवळची बाभळ. दुसऱ्या संध्याकाळी ती त्या बाभळीखाली उभी. तिथनं नजर सुटली ओढ्यापलीकडं, तर तिसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडं. काल जिथं हरवलं तिथं आज उभं राहायचं, एवढंच. रोज दोन-चार शेतं पुढं. गिरणी पाचला बंद.

‘‘लोकं इचारायलेत,’’ रामलिंग चौथ्या दिवशी म्हणाला, ‘‘की तुझी बायको सांजंची कुठं जाती.’’

‘‘सांगा, पाखरं झोपवायला जाती.’’

‘‘आन् सैपाक?’’

‘‘पिठलं येतंय की तुम्हाला.’’

नवव्या दिवशी ती गावच्या गायरानाशी पोचली. चाळीसेक एकराचा माळ, कंबरेएवढं पिवळं कुसळी गवत, मधोमध एकुलती एक बाभळ. ही बांधाआड बसून त्या बाभळीवर डोळा लावून होती. आता बसतील, मग बसतील. पाखरं आली. एक, तीन, सात. बाभळीला वळसा घातला आणि तिच्याकडं ढुंकूनही न बघता, विहिरीत पोहरा सोडावा तसं एकेक खाली गवतात उतरलं. उतरलं ते वर आलंच नाही. भुईवर. एवढं चोच-नख्यांचं शिकारी पाखरू, आणि झोपतं कोंबडीसारखं भुईवर. सिंधु तिथंच बसून हसली. मग तिला पुढचा प्रश्न पडला आणि हसू थांबलं. किती असतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाखरं उठून गेल्यावर, ती गवतात शिरली. जागोजागी ताटाएवढं गवत दबलेलं, प्रत्येकाची बैठक वेगळी, कडेला पांढरी शीट. आणि तिथं पडलेल्या बोटाएवढ्या करड्या गोळ्या. भोवत्याला जे पचत नाही ते तो सकाळी ओकून टाकतो, हे मिहिरनं तिला फोनवर सांगितलं. तिनं पिशवीभर गोळा केल्या आणि गिरणीत सुपात घेऊन सुईनं सोडवत बसली. नाकतोड्यांच्या तंगड्या. उंदराचा दातांसकट जबडा. पुन्हा तंगड्या.

दळणाला आलेली पारूबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, ‘‘अगं सिंधे, पिठाच्या जागी घाण निवडायलीस?’’

‘‘घाण न्हाई गं. राती काय जेवले ते सांगून गेलेत. बघ, तुझ्या हरभऱ्यातला उंदीर हाय ह्यो.’’

पारूबाईनं पदर काढला आणि वाकून बघितलं.

मग मोजणी. आता इथं नीट लक्ष द्या, कारण सगळं पुढचं ह्याच्यावर उभं आहे. सिंधुचा बाप कडब्याचा जाणकार. कडब्याची गंजी रचताना पेंढी पेंढी मोजत बसलं तर दिवस मोडेल, म्हणून पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा धरतात आणि पाचुंदेच मोजतात. लहानपणी गंजीवर उभं राहून ‘एक… दोन…’ ओरडायचं काम सिंधुचं असायचं, आणि तिच्या ‘एक’चा अर्थ पाच, हे कुणी कुणाला सांगायचं नसायचं. सांजेला पाखरं एकदम येतात, दहा मिनिटांत खेळ संपतो. सिंधुनं उजव्या मुठीत ज्वारीचे दाणे धरले. पाच पाखरं उतरली की एक दाणा पदरात. तीन दिवस मोजलं, तिसऱ्या दिवशीचं मनासारखं झालं. पदरात एक्केचाळीस दाणे, आणि शेवटी तीन पाखरं उरली, त्यांचा पाचुंदा काही झाला नाही.

तिनं मिहिरला फोन केला.

‘‘सापडली जागा. भुईवर झोपतेत. गायरानात.’’

‘‘काय सांगता काकू. किती आहेत?’’

‘‘एक्केचाळीस भरले. वर तीन सुट्टे.’’

‘‘वा,’’ मिहिर म्हणाला, आणि त्यानं वहीत लिहिलं, खोलेवाडी, चव्वेचाळीस.

दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं.

येळवस तोंडावर आली होती; ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला पाहिजे. मार्गशीर्षातली अमावास्या, आमच्याकडची येळवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोपी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे. भाज्या-शेंगांची मिसळ भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, बिंदग्यात म्हणजे मातीच्या घागरीत आंबवलेली ज्वारीची आंबील, आल्यागेल्याला बोलावून जेवू घालायचं. आणि दिवस मावळताना हेंडगा. कडब्याची मोठी चूड पेटवून घरच्या माणसानं ती पिकाभोवती फिरवायची, पळत. काळोखात शिवारभर आग पळताना दिसते. बघण्यासारखं असतं, यात वाद नाही.

वाद पुढं आहे. फिरवून झालेला हेंडगा टाकायचा कुठं? खोलेवाडीच्या गायरानाला अकरा शेतं लागून आहेत, आणि फेकायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे वाळकं गवत. त्यातलं सगळ्यात मोठं शेत आप्पासाहेबांचं. आप्पासाहेब चुकून फेकत नाहीत, ठरवून फेकतात. माळ जळाला की कोवळा फुटवा येतो, त्यांच्या म्हशी चरतात. शिवाय जळक्या माळावर दर साली नांगराची दोन तासं गायरानात पुढं सरकवली तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही. हे गावाला ठाऊक आहे. गाव बोलत नाही. गावं बोलत नसतात.

मागच्या येळवसाला माळ पेटलेला सिंधुनंही पाहिला होता, आंबील पीत पीत. तेव्हा तिला काय माहीत. आता दबल्या गवतातल्या त्या बैठका बघून आल्यापासून एकच गोष्ट तिच्या डोक्यात फिरत होती. हेंडगा फिरायची वेळ आणि पाखरं उतरायची वेळ एकच. मागच्या वर्षी त्या सांजेला ती आली असणार. खाली आग बघून मग गेली कुठं? हा एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर तिला नको वाटत होतं. पण या येळवसाला माळ जळू द्यायचा नाही, एवढं तिनं ठरवलं.

मंडळाची बैठक भरली तेव्हा ती लातूरला गेली. वसंतरावांनी तक्ता वाचला. मंडळाची कामाची माणसं नऊ. येळवसाच्या सांजेला एकाच ठिकाणी पहारा देता येईल, आणि वन खात्याला पत्रही त्याच जागेसाठी जाईल. ‘‘नायगावकडच्या माळावर त्रेसष्ट भोवत्ये आहेत. खोलेवाडीत चव्वेचाळीस.’’

‘‘एक्केचाळीस,’’ सिंधु म्हणाली.

‘‘वरचे तीन धरून चव्वेचाळीस, काकू,’’ मिहिर म्हणाला.

सिंधुच्या मनात आलं, सुट्ट्या पाखरांचे अख्खे पाचुंदे धरले, म्हणजे माप आपल्या बाजूनं वाढवून दिलं. शहरातली माणसं वाईट नाहीत. आणि नायगावला त्रेसष्ट. त्रेसष्ट पाचुंदे म्हणजे तीनशेच्या वर. न्यायानं बघितलं तर त्यांचं बरोबर होतं.

‘‘मग नायगावच राखा,’’ ती म्हणाली. ‘‘मोठं खळं आधी झाकावं. माझं मी बघते.’’

वसंतरावांना तिचं कौतुक वाटलं. ते तसं बोललेही.

‘‘कौतुक राहू द्या. मला ते त्रेसष्ट एकदा बघायचेत. एवढे एकदम उतरतेत तरी कसे?’’

येळवस शुक्रवारी होती. त्याआधीच्या रविवारी मिहिरच्या गाडीतनं ती, वसंतराव आणि अजून दोघं नायगावकडं गेले. चांगली दांडगी वाट. पाण्याच्या कडेचा माळ, गवत खोलेवाडीपेक्षा उंच. मंडळानं तीन पायांवर दुर्बीण उभी केली. सिंधु जरा बाजूला जाऊन ज्वारी मुठीत धरून बसली. पाखरं आली, फिरली, उतरली. सगळं शांत झालं. मिहिरनं वही मिटली, तरी ही हलेना.

‘‘चला काकू.’’

‘‘बाकीचे येऊ द्या की.’’

‘‘बाकीचे कुठले? झाले सगळे.’’

सिंधुनं पदरातले दाणे पुन्हा मोजले. मग तिचा आवाज चढला. ‘‘मिहिरदादा, मी अडाणी हाय पण आंधळी न्हाई. तुमचे त्रेसष्ट कुठं हायेत? हितं बारा भरले. वर तीन सुट्टे. बाराचे त्रेसष्ट केलेत तुम्ही, आन् माझी जागा काटलीत.’’

वसंतराव दुखावले. तीस वर्षं ज्यांनी पोरांच्या वह्या तपासल्या, त्यांना कुणी नोंदीवरून बोललेलं खपत नाही. ‘‘ताई, तोंड सांभाळून. आमच्या नोंदी चोख असतात. आजही बरोबर त्रेसष्टच आलेत.’’

‘‘बारा.’’

‘‘त्रेसष्ट.’’

मिहिर मात्र तिच्या तळहाताकडं बघत होता. ‘‘काकू, एक दाणा म्हणजे किती पाखरं?’’

‘‘किती म्हंजे? पाच. पाचुंदा.’’

‘‘बारा पाचे साठ,’’ मिहिर हळू म्हणाला. ‘‘आणि तीन.’’

मग वसंतरावांनी विचारलं, ‘‘मग तुमचे ते एक्केचाळीस?’’

‘‘दोनशे पाच,’’ मिहिर म्हणाला. ‘‘सुट्टे धरून दोनशे आठ, सर.’’

‘‘ताई,’’ वसंतराव म्हणाले, ‘‘हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘तुम्ही आधी का न्हाई इचारलंत? खळ्यावर पेंढी पेंढी कोण मोजतंय?’’

सांगायला हवं की त्या मंडळाच्या छापील तक्त्यात तापमानाचा रकाना होता, वाऱ्याच्या दिशेचा होता, ढग किती ह्याचासुद्धा होता. ‘मोजलंत कसं’ हा रकाना नव्हता. शिकलेल्या माणसाला वाटतं की मोजायची रीत जगात एकच असते, त्याची.

परतीच्या वाटेवर लोहा गावाच्या पुढं कुठंतरी सिंधुला एकदम हसू फुटलं. ‘‘म्हंजे मी त्रेसष्टाला भिऊन बसले व्हते,’’ ती म्हणाली, ‘‘आन् तुमचं सगळं खळं माझ्या एका कोपऱ्यात मावतंय.’’ वसंतरावांनी खिडकीबाहेर बघितलं, पण हसले तेही.

तरी वसंतराव ते वसंतरावच. स्वतः मोजल्याशिवाय आकडा बदलणार नाहीत. मंगळवारी ते आणि मिहिर खोलेवाडीला आले, बांधाआड बसले. दोघांनी वेगवेगळं मोजलं, मग ताळा घातला. दोनशे चार. वसंतरावांनी तक्त्यातलं चव्वेचाळीस खोडलं. मग एकदम कामाला लागले. फलक करू, वन खात्याला कळवू, नऊच्या नऊ जण टोप्या घालून माळाभोवती उभे करू.

‘‘टोप्या नकोत,’’ सिंधु म्हणाली.

‘‘का?’’

‘‘टोप्या बघितल्या की आप्पासाहेब म्हणतील, सरकार आलं, गायरान चाललं. मग सांजंची वाट बी बघणार न्हाईत, दुपारीच काडी लावतील. तुम्ही असं करा. नऊच्या नऊ जण जेवायला या. येळवसाला पाहुणा आला तर कुणी इचारत न्हाई काहून आला. भज्जी खा, आंबील प्या. फलक घरी ठेवा.’’

अकरा शेतांपैकी दहा घरांची तिला फारशी काळजी नव्हती. येळवसाच्या आधी दोन दिवस बाजरी दळायला अख्खा गाव गिरणीवर लोटतो. नंबर लागेपर्यंत बायांना बसावंच लागतं, आणि समोर सुपात उंदराचे जबडे मांडलेले. सिंधु एकेकीला दाखवायची, ‘‘बघ, तुझ्या रानातले उंदीर कोण खातंय. त्यांच्या अंगावर हेंडगा टाकतीस?’’ पीठ घेऊन जाणारी बाई घरी जाऊन नवऱ्याला सांगणार, आणि येळवसाच्या तोंडावर बायकोशी वाद घालणारा नवरा खोलेवाडीत अजून जन्मला नाही.

राहिले आप्पासाहेब. त्यांच्या घरचं पीठ तालुक्याहून येतं.

बुधवारी ती त्यांच्या ओट्यावर गेली. आप्पासाहेब तंबाखू मळत होते. पासष्टी ओलांडलेला माणूस, आवाज अजून बैल थांबवणारा.

‘‘या सूनबाई. पाखरं निजली का?’’

‘‘निजतील. अजून येळ हाय.’’

‘‘गावात लई बोंब हाय तुझ्या पाखरांची. मला शिकवायला आलीस का?’’

आता ‘आप्पा, पेटवू नका’ असं ती म्हणाली असती, तर त्यांनी दुप्पट पेटवलं असतं. हे ओळखून ती खालच्या पायरीवर बसली.

‘‘शिकवायला न्हाई, इचारायला आले. भांडण लागलंय. शहरातले म्हणतेत दोनशे चार. मी म्हणते एक्केचाळीस पाचुंदे आन् तीन सुट्टे. कुणाचं खरं?’’

‘‘मला काय ठावं?’’

‘‘माझे सासरे म्हणायचे, कडब्याचा पाचुंदा मोजावा तर आप्पानं. गंजी ढासळली तरी त्यांचा आकडा ढासळत न्हाई.’’

आप्पासाहेबांची तंबाखू मळणारी बोटं थांबली. ‘‘म्हणायचा का तुझा सासरा?’’

‘‘हाव. तुमच्याशी बांधावरनं भांडण असताना बी म्हणायचे.’’

हे खरं होतं, म्हणूनच लागू पडलं.

‘‘कवा मोजायचंय?’’

‘‘परवा सांजंला.’’

आप्पासाहेबांनी तिच्याकडं तिरकं बघितलं. ‘‘येळवसाला. हेंडग्याच्या टायमाला.’’

‘‘पाखरं त्याच टायमाला येतेत, त्याला मी काय करू?’’

‘‘लई शानी हायस,’’ आप्पासाहेब म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली. ‘‘येतो का न्हाई ते सांगत न्हाई.’’

शुक्रवार उजाडला. मंडळाचे नऊ जण सिंधुच्या कोपीपुढं मांडी घालून बसले. वसंतरावांनी ताक समजून आंबिलीचे चार पेले घेतले आणि दुपारी हरभऱ्याच्या कडेला असे झोपले की त्यांच्यावरनं मांजर गेलं तरी कळलं नसतं. रामलिंग आजूबाजूच्यांना सांगत होता, ‘‘पाहुणे हायेत. पाखरांच्या बाजूचे.’’ जणू लग्नाची बोलणी चालली आहेत.

ऊन उतरलं तसं सिंधुचं जेवणातलं लक्ष उडालं. बांधाआडची जागा झाडली, पोतं अंथरलं, वाट बघत बसली. आप्पासाहेबांचा थोरला लेक व्यंकट त्यांच्या कोपीपाशी हेंडगा बांधत होता. चांगला पुरुषभर उंच. तो कुठं टाकायचा हे त्याला दरवर्षीप्रमाणं माहीत होतं. पाखरांचं पहिलं टोळकं ओढ्यापलीकडं दिसलं तरी आप्पासाहेबांचा पत्ता नव्हता.

मग मागनं आवाज आला. ‘‘सरक.’’

आप्पासाहेब पोत्यावर बसले. ‘‘दाणे आण.’’ तिनं मूठभर ज्वारी दिली. त्यांनी त्यातले दोन किडके निवडून टाकले, बाकी मुठीत धरले, डाव्या हातानं धोतराचा सोगा पसरला. ‘‘आता कुणी बोलायचं न्हाई. बोललं की मोजणी मोडती.’’

पाखरं आली. सोनेरी उन्हात पंख वाकडे करून, एकामागं एक. आप्पासाहेबांचे ओठ हलत होते आणि पाचापाचाला एक दाणा सोग्यात पडत होता. भोवतालच्या शेतांत हेंडगे पेटायला लागले. सिंधुचं अर्धं लक्ष आभाळात, अर्धं आगीत.

‘‘आप्पा,’’ व्यंकटनं लांबून हाक दिली, ‘‘पेटवू का?’’

पंधरावा दाणा पडला.

‘‘आप्पा, पेटवू का?’’

‘‘थांब की, भाड्या,’’ आप्पासाहेब दात दाबून म्हणाले. ‘‘एकोणीस.’’

त्याच वेळी पलीकडच्या अंगाला कुणाच्यातरी हातनं जळती चूड निसटली आणि गायरानाच्या कोपऱ्यात गवतानं पेट घेतला. मिहिर आणि रामलिंग पळाले. रामलिंगनं ओलं पोतं झोडपलं. मिहिरला पाणी सापडेना, समोर एका कोपीपुढं बिंदगं दिसलं, त्यानं ते उचलून ओतलं. नंतर कळलं की ती निम्म्या भावकीची आंबील होती. आग विझली. चटईएवढं काळं राहिलं, आणि मिहिरच्या नावानं त्या कोपीत आजही हसतात. वसंतराव ह्या गडबडीत जागे झाले आणि हेंडग्याकडं बघून ‘सकाळ झाली का’ म्हणाले.

सिंधु उठायला गेली तसा आप्पासाहेबांनी तिचा पदर धरून खाली बसवलं. ‘‘हलू नगंस. वरची भ्यायलेत. उतरंनात.’’

खरंच, तीस-चाळीस पाखरं धुराच्या वर फिरत होती. बसत नव्हती, जातही नव्हती. आप्पासाहेब मान वर करून बघत राहिले. दरवर्षी ह्या वेळी ते स्वतः हेंडग्याच्या मागं असायचे. वर काय असतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. धूर पांगला. एक खाली आलं, मग दुसरं, मग सगळी.

काळोख पडला तेव्हा व्यंकटची तिसरी हाक आली.

‘‘आतल्या आत फिरव,’’ आप्पासाहेब ओरडले. ‘‘बांधाच्या अलीकडनं. आन् पाटाच्या पाण्यात बुडव. हिकडं आणलास तर बघ.’’

मग त्यांनी सोग्यातले दाणे बोटानं सारत मोजले, दोनदा. ‘‘बेचाळीस. वर एक सुट्टं. तुझं बी चुकलं आन् त्यांचं बी.’’

‘‘दोनशे अकरा,’’ आंबिलीनं भिजलेला मिहिर मागनं म्हणाला. त्यानं वहीत लिहिलं, आणि समोर मोजणाऱ्याचं नाव लिहिलं, आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी टॉर्चच्या उजेडात ते वाचून घेतलं.

‘‘एक सांग सूनबाई,’’ उठता उठता ते म्हणाले, ‘‘ही भुईवर झोपतेत, तर ह्यांना कोल्हं कसं खात न्हाई?’’

‘‘ते मला बी ठावं न्हाई.’’

‘‘मग नऊ दिवस काय बघितलंस?’’

‘‘झोपायची जागा बघितली. कोल्ह्याचं उद्यापासनं बघू.’’

‘‘बघू,’’ आप्पासाहेब म्हणाले. पुढच्या साली पेटवणार नाही, असं ते म्हणाले नाहीत. म्हशी त्यांच्या आहेतच, नांगरही आहे. तेवढ्यावरनं कुणी त्यांना संत करू नये. पण त्या रात्री खोलेवाडीचं गायरान उभं राहिलं, आणि त्यात दोनशे अकरा पाखरं भुईवर झोपली, हे तेवढंच खरं.

आता तुमच्याकडं वळतो, कारण खोलेवाडीसारखे माळ शंभर आहेत आणि सिंधु एकच आहे. येत्या येळवसाला तुमच्या शेतात कोपी घाला, पांडव पुजा, आंबील पोटभर प्या, हेंडगा जोरात फिरवा. फक्त तो बांधाच्या आत फिरवा, आणि विझवायचा तेव्हा पाण्यात नाहीतर ओल्या मातीत विझवा. शेजारच्या गवतात टाकू नका.